वनोद्यानात आधी जमीन सांभाळा

महोदय,

गावच्या वनोद्यानाची देखभाल म्हटली की रंगवलेली खोडे, बुंध्याभोवती सिमेंटचे कट्टे आणि झाडून लख्ख केलेली जमीन असे चित्र असते. यातले फारसे काही झाडाच्या उपयोगाचे नाही. कट्टा आणि उघडी जमीन तर त्याच्या मुळावर येतात. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर बरीच दूर जातात. तिथे हवा खेळली नाही तर ती गुदमरतात. म्हणून उद्यानाचा पैसा आणि श्रम आधी जमिनीवर लागावेत.

माती सर्वांत जास्त दबते ती ओली असताना, आणि तीही पहिल्या काही फेऱ्यांतच. त्यामुळे ‘येणारे थोडेच आहेत’ हे कारण चालत नाही. मोठ्या पावसानंतर मऊ पायवाटा पाणी निथळेपर्यंत बंद ठेवाव्यात आणि झाडांखाली वाहन कधीच नेऊ नये. जमीन ओलसर असताना लांब पेचकस हाताने दाबून पाहावा. तो १५ सेंटिमीटरही जात नसेल तर माती दबली आहे. ती खणून किंवा नांगरून सैल करू नये, त्यात मुळे तुटतात. पहारीने साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर ५ सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल भोके पाडून चांगले कुजलेले खत भरावे. जाड मूळ लागले तर भोक बाजूला घ्यावे. मग तो भाग दोरीने बंद करावा, कारण वावर सुरू राहिला तर सगळी मेहनत वाया जाते.

पाचोळा जाळणे पूर्ण थांबवायला हवे. त्या आचेने वरची मुळे आणि सालीखालचा जिवंत थर होरपळतो. वाटेवरची पाने झाडांखालीच लोटावीत. ५ ते ८ सेंटिमीटर थर पुरेसा असतो. बुंध्यापासून १५ सेंटिमीटर जागा मात्र मोकळी हवी. तिथे पाने किंवा माती चढली की साल ओली राहून कुजते. कट्ट्यात भराव घालतात तेव्हा नेमके हेच होते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. तोवर कट्ट्याचा संशयही कुणाला येत नाही.

पायवाट रुंदावते ती डबक्यांमुळे. लोक चिखल टाळून कडेने जातात आणि दरवर्षी नवी जमीन तुडवली जाते. डबक्यात नुसता मुरूम टाकून भागत नाही, पाण्याला बाजूला उतार द्यावा लागतो. चढावर वाटेला तिरका, दगडांचा किंवा ओंडक्याचा बांध घालून पाणी खालच्या बाजूला काढावे आणि त्याचे तोंड पावसाआधी साफ करावे. येणाऱ्यांनीही वाट सोडू नये. चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चालावे.

फांदी तोडताना सर्वांत जास्त चुका होतात. खोडाला घासून कापली तर जखम मोठी होते, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेत नाही. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर. त्या कड्यातूनच जखम भरते, ते कापू नये. वर डांबर किंवा रंग लावू नये. कुजलेला भाग झाड आतून बंदिस्त करते, हे अमेरिकी वनसेवेतील अॅलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात मांडले. लेपाने कुज थांबत नाही. उलट ओल अडकू शकते.

वाळलेले झाड दिसले की कुऱ्हाड काढायची घाई नको. ढोल्या घुबडांना, पोपटांना लागतात. वाटेपासून आणि बाकांपासून झाडाच्या दीडपट उंचीपलीकडे असेल तर ते राहू द्यावे. त्या अंतराच्या आत मात्र बुंध्यावर अळंबी, उभी चीर किंवा कललेल्या बाजूच्या विरुद्ध उचललेली माती दिसली, तर वाट त्याच दिवशी बंद करून जाणकाराला दाखवावे. वारा सुटला की कोणत्याच मोठ्या झाडाखाली थांबू नये.

घाणेरी (लँटाना) हे झपाट्याने पसरणारे झुडूप नुसते छाटले तर जोमाने फुटते. फळे येण्याआधी, जमिनीच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली मुख्य मूळ कुदळीने तोडावे आणि उपटलेले झुडूप मुळे वर करून ठेवावे, नाहीतर ते पुन्हा रुजते. पक्षी बी आणतच राहतात, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक झाडेझुडपे लावावीत आणि पुढची दोन-तीन वर्षे उगवलेली रोपे हाताने उपटत राहावे.

आपला,
वृक्षसंगोपनाचे काम करणारा एक वाचक