हरितगृहाच्या अनुदानात निचऱ्याचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

मावळापासून कोल्हापूरपर्यंत गुलाब, जरबेरा आणि ढोबळी मिरचीची हरितगृहे वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतून बाहेर पडणाऱ्या खतमिश्रित पाण्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र.

उघड्या शेतातले क्षार पावसाळ्यात काही प्रमाणात धुऊन निघतात. हरितगृहातल्या बेडवर पाऊस पडत नाही आणि ठिबकातून विद्राव्य खते सतत दिली जातात, त्यामुळे पिकाने न उचललेले क्षार मातीत साचत राहतात. मातीचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) वाढला की मुळांना पाणी ओढणे जड जाते, पानांच्या कडा करपतात, आणि ही अन्नद्रव्यांची कमतरता समजून आणखी खत सोडले जाण्याचा धोका असतो. शेवटी बेड भरपूर पाण्याने धुवावे लागतात. त्या पाण्याबरोबर खतातले नायट्रेट (नत्राचे विद्राव्य रूप) सहज वाहून जाते, कारण मातीचे कण ते धरून ठेवत नाहीत (स्फुरद बराचसा जागीच राहतो), आणि झिरपत ते विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आहे. ती ओलांडली गेल्यास सर्वाधिक धोका वरच्या दुधावरील तान्ह्या बाळांना असतो, आणि पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही.

खताची मात्रा ठरवताना दिलेल्या आणि निचऱ्याच्या पाण्याचा ईसी व सामू (पीएच) नियमित मोजला, तर क्षार साचू लागताच खत कमी करता येते. त्यासाठी लागणारे मीटर हरितगृहाच्या खर्चापुढे अगदी किरकोळ किमतीचे आहे. छपरावरचे पावसाचे पाणीही साठवावे. एक एकर छपरावर एक मीटर पाऊस पडला, तर सुमारे ४० लाख लिटर जवळपास क्षारविरहित पाणी पडते.

नेदरलँड्समध्ये निचऱ्याचे पाणी निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. ती यंत्रणा दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला झेपणार नाही, हे मान्य. पण बेडखाली सच्छिद्र पाइप, टोकाला अस्तर घातलेला खड्डा आणि ते पाणी साध्या पाण्यात मिसळून शेजारच्या उसाला, त्याच्या नत्राच्या मात्रेतून तेवढी वजावट करून, देणे, एवढे नक्की जमू शकते. हरितगृहाचे अनुदान मंजूर करताना कृषी विभागाने आराखड्यात हा खड्डा आहे का ते पाहावे, आणि नुसती सक्ती न करता खड्ड्याचा व मीटरचा खर्चही अनुदानास पात्र धरावा, ही विनंती.

– एक फूलउत्पादक, मावळ, जि. पुणे