ते जहाज रिकामं होतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका मालवाहू जहाजाचं पानभर छायाचित्र छापलंत. खाली ओळ होती, 'मालाने खच्चून भरलेलं जहाज'. छायाचित्र सुरेख आहे, ओळ चुकली. पाण्याच्या वर तांबड्या रंगाचा रुंद पट्टा दिसतोय, पुढच्या टोकाखालचा फुगीर कंद उघडा पडलाय आणि मागे पंख्याचं एक पातं पाणी उडवतंय. जहाज भरलेलं असतं तर यातलं बहुतेक सगळं पाण्याखाली गेलं असतं.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. गेली अकरा वर्षं किनाऱ्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या मालवाहू जहाजांचे फोटो काढते. नाव, तारीख, वेळ वहीत टिपते, म्हणून घरचे या छंदाला 'हजेरी' म्हणतात.

एवढं मोठं आणि एवढं संथ जहाज, त्याचा फोटो काढायला काय लागतं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लेन्स कितीही भारी असली तरी नावाची अक्षरं भिजल्यासारखी लिबलिबित येतात. म्हणून सकाळी लवकर जायचं. त्या वेळच्या तिरप्या उन्हात आणखी एक गंमत दिसते. नाव पुष्कळदा नुसतं रंगवलेलं नसतं, अक्षरांच्या कडा वेल्डिंगने उठवलेल्या असतात. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, वरून रंगाचा हात फिरला, तरी त्या कडा सावली धरतात आणि जुनं नाव नव्याखालून डोकं वर काढतं. एका जहाजावर मला अशी तीन नावं सापडली.

तेव्हा नावावर विसंबू नये, नंबर बघावा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ही सात आकडी नंबरांची पद्धत 1987 साली ठरली आणि 1996 पासून सक्तीची झाली. मालक, झेंडा, नाव काहीही बदलो, मोडीत निघेपर्यंत नंबर तोच. बाहेरून दिसणारे आकडे निदान 20 सेंटीमीटर उंच हवेत असा नियम आहे. त्यात सातवा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या सहांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं, बेरीज करायची. बेरजेच्या एककस्थानी येतो तो सातवा. एकदा गंजाच्या ओघळाने तिसरा आकडा 3 की 8 तेच कळेना. कागदावर दोन्ही करून पाहिलं, 3 बरोबर जुळला. हाच घोळ दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या जागी झाला असता तर मात्र बेरीज मुकी राहिली असती, कारण 3 आणि 8 मधला फरक पाचाचा, आणि पाचाला समसंख्येने गुणलं की एककात शून्यच. शिकवत होते तेव्हा हे उदाहरण हाताशी नव्हतं, याची चुटपुट आहे.

हल्ली जहाजांच्या एआयएस संदेशांमुळे, म्हणजे जहाज आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवत राहतं त्या यंत्रणेमुळे, जहाज दिसायच्या आधीच त्याचं नाव मोबाइलवर येतं. सोय आहे. पण कुठे निघालंय आणि किती खोल बुडालंय ही माहिती जहाजावरचा माणूस हाताने भरतो. विसरला तर मागच्याच फेरीची राहते. त्यापेक्षा जहाजाच्या कुशीवरचं वर्तुळ बघावं, आडव्या रेघेने छेदलेलं. जहाज किती खोल बुडू द्यायची मुभा आहे ते ही खूण सांगते. ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी जादा माल भरून माणसं बुडवणाऱ्या मालकांविरुद्ध रान उठवलं, तेव्हा कुठे 1876 च्या कायद्याने ही खूण जहाजांवर आली. शेजारी शिडीसारख्या रेघा असतात. हिवाळ्याची रेघ उन्हाळ्याच्या खाली, कारण खवळलेल्या समुद्रात कमी माल न्यायचा. गोड्या पाण्याची सगळ्यांत वरच्या बाजूला, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. आपल्या छायाचित्रात हे वर्तुळ पाण्यापासून कितीतरी उंच आहे.

माझी मागणी साधी आहे. जहाजाचा फोटो छापाल तेव्हा त्याचं नाव आणि फोटो काढल्याची तारीख खाली द्या. 'समुद्रातील एक जहाज' ही काही ओळ नव्हे. माणसाच्या फोटोखाली आपण 'रस्त्यावरील एक माणूस' लिहीत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी ही जहाजं अलंग नाहीतर चितगावच्या किनाऱ्यावर चढवून तोडतात. मग मागे पत्रा उरत नाही, कुणीतरी कधीतरी टिपलेले फोटो तेवढे राहतात.

तुमच्या जहाजाचा नंबर मागच्या केबिनच्या बाजूला लिहिलेला दिसतो, पण छपाईत शेवटचे दोन आकडे फुटलेत. मूळ फोटो पाहून सहावा तेवढा कळवा, सातवा मी काढते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका