बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगा घरीच कशा बसवाव्यात, यावर आलेला मजकूर वाचला. ‘एका दुपारचे काम’ असे त्यात म्हटले आहे. निव्वळ स्प्रिंग काढून स्प्रिंग घालायची तर ते खोटे नाही. पण त्या मजकुरातल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत आणि काही महत्त्वाच्या गोष्टी राहूनच गेल्या आहेत. तो कागद समोर ठेवून कोणी पाना हातात घेणार असेल, तर त्याआधी हे छापून यावे म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली चूक ही की, ‘सर्व बोल्ट पूर्ण आवळावेत आणि मग गाडी स्टँडवरून उतरवावी’. नेमके उलटे करायचे असते. सस्पेन्शनच्या आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो, त्याची आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो नळीवर फिरून नव्हे, तर मधल्या रबराला पीळ देऊन. गाडी स्टँडवर असताना एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) खाली लोंबकळत असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला, तर रबराची ‘मोकळी’ जागा तिथेच ठरते आणि गाडी चाकांवर उभी राहताच रबर कायमचे पिळलेले राहते. ४५० मिमी लांबीचा आर्म १२० मिमी खाली लोंबकळत असेल, तर हा पीळ सुमारे १५ अंशांचा होतो. मग खड्ड्यातला प्रत्येक झटका त्या १५ अंशांच्या वर. रबर चिरते, ठकठक सुरू होते आणि दोष येतो नव्या स्प्रिंगवर. शिवाय पिळलेले रबर स्वतःच एका छोट्या स्प्रिंगसारखे गाडी वर ढकलते, त्यामुळे सुरुवातीला मोजलेली उंचीही खरी नसते.

म्हणून आर्मचे आणि एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे बोल्ट वायसर टेकेपर्यंतच घ्यायचे. चाके चढवून गाडी खाली घ्यायची, पुढचा-मागचा बंपर दाबून दोन-चार वेळा हलवायची, सपाट जमिनीवर थोडी पुढे-मागे चालवायची आणि मग खाली सरकून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे. खाली जागा पुरत नसेल तर चारही चाके सारख्या उंचीच्या भक्कम रॅम्पवर घ्यावीत. पॉलियुरेथेनच्या बुशला हा नियम इतका लागू नाही, कारण त्यात नळी फिरते. पण तिथे बुशसोबत येणारे ग्रीस आत-बाहेर नीट लावले नाही, तर गाडी जुन्या दारासारखी करकरते.

दुसरी चूक: ‘५० मिमीच्या स्प्रिंगांमुळे जमिनीपासूनचे अंतर ५० मिमीने वाढते’. अखंड एक्सलच्या गाडीत स्प्रिंग एक्सलच्या वर असते. ती बॉडी उचलते, एक्सलच्या पोटातला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा होता तिथेच राहतो. दगडाला आधी टेकतो तो गोळाच. तो वर जायला टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास ५० मिमीने वाढला तर गोळा २५ मिमीच वर जातो. स्प्रिंगांनी मिळते ते वेगळे: बंपर चढाला टेकत नाही, गाडीचे पोट उंचवट्यावर अडकत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. त्याची किंमत गुरुत्वमध्य वर जाण्यात मोजावी लागते. चाकांमधले अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल, तर अंतराच्या निम्म्याला उंचीने भागून १.०७ येतात. गुरुत्वमध्य ४५ मिमीने चढला की तोच आकडा १.०१ च्या आसपास उतरतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर कलंडायला तयार.

आता राहून गेलेल्या गोष्टी.

काम सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांची उंची मोजून ठेवावी: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नये. टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप फसवते. आकडे चिकटपट्टीवर लिहून त्या-त्या मडगार्डलाच लावावेत. हे न करता ‘गाडी एका बाजूला झुकली’ असे म्हणणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा आधीपासूनच झुकलेली असते.

स्प्रिंग निवडताना उंचीइतकाच तिचा ताठपणा पाहावा. समजा, मागच्या प्रत्येक स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला ३० न्यूटन आहे. दोन मिळून ६०. मागे २०० किलो वजन चढवले, तर गाडी सुमारे ३३ मिमी बसेल. कायम २०० किलो लादलेल्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसवली की हाच हिशेब उलटा फिरतो. गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते, पाठीला दणके देते आणि खडबडीत वाटेवर चाक जमीन सोडते. आधी नेहमीचे ओझे मोजा, मग स्प्रिंग मागवा. अनेक संचांत डावी-उजवी स्प्रिंगही वेगळी असते, कारण चालक आणि इंधनाची टाकी यांचे वजन सारखे वाटलेले नसते. लेबल वाचल्याशिवाय ते फाडू नये.

गाडी उचलायची ती फरशी किंवा काँक्रीटवर. मातीत स्टँडचे पाय रुततात. चाकांचे नट जमिनीवरच पाव फेरा सैल करावेत. काम पुढे असेल तर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि स्टँड चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दांड्याखाली ठेवावेत, एक्सलखाली नाही. एक्सल तर आपल्याला खाली सोडायचा आहे. एक बारीक पण जीवघेणी गोष्ट: काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीमागे) प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यावर, असतो. अशा गाडीचे मागचे एकच चाक उचलले, तर ते हवेत फिरू लागते आणि डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाकही मोकळे होते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवणाऱ्यांचीही हीच फसगत होते. ठोकळ्यांना पर्याय नाही.

यानंतर जॅक एक्सलखाली घेऊन त्याचे वजन तोलायचे आणि एक्सलला वर धरून ठेवणारे एकेक बंधन सोडवायचे. शॉकअपचा खालचा बोल्ट, वळणावरचा कल रोखणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक, पॅनहार्ड रॉडचे एक टोक. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारलेले बरे. पण खरे लक्ष हवे ते बोल्टने न बांधलेल्या गोष्टींकडे: ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार, डिफरन्शियलची हवा जाण्याची बारीक नळी. एक्सल खाली जाताना याच ताणतात. ब्रेकची नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण एकदा ताणली गेली तर आतला थर फाटलेला असू शकतो, आणि आत लोंबणारा तुकडा पुढे झडपेसारखे काम करतो: ब्रेक लागतो, सुटत नाही. म्हणून नळीची क्लिप आधीच काढावी, जॅक बोटभर-बोटभर उतरवावा आणि प्रत्येक वेळी नळीकडे पाहावे. कॅलिपर (ब्रेकची पकड) काढावा लागलाच, तर तो तारेने चेसिसला टांगावा. नळीला लोंबकळत ठेवू नये.

एक्सल पुरेसा उतरला की जुनी स्प्रिंग हाताने निघते. नाहीच निघाली तर एक बाजू थोडी वर घेऊन दुसरी खाली जाऊ द्यावी. टॉमी घालून उसकटायचा मोह टाळावा. आता नवी स्प्रिंग लगेच बसवू नका. बैठक मोकळी आहे तोवर एक तपासणी होते, जी नंतर होत नाही. नवा शॉकअप स्प्रिंगशिवाय लावा आणि जॅकने एक्सल हळूहळू वर न्या, बंपस्टॉपचे (एक्सलला फार वर जाऊ न देणारे) रबर टेकेपर्यंत. त्या क्षणी शॉकअपमध्ये १० ते १५ मिमी दांडी शिल्लक दिसली पाहिजे. शॉकअप आधीच तळाला टेकला, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉपचे काम तोच करेल आणि त्याची बैठक तरी तुटेल किंवा आतली झडप. तेव्हा बंपस्टॉपखाली तेवढ्या जाडीचा तुकडा घाला. मग एक्सल पूर्ण खाली सोडा आणि चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी अजून सैल आहे का पाहा. ताठ झाली असेल, तर लांब नळी लावून ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

स्प्रिंग बसवताना तिच्या तारेचे टोक पाहा. खालच्या बैठकीत त्या टोकासाठी एक पायरी असते. टोक पायरीला भिडले पाहिजे. बोटभर अलीकडे राहिले, तर पहिल्याच दणक्याला स्प्रिंग ‘टण’ करून फिरते आणि त्या कोपऱ्याची उंची बदलते. वरचे रबरी पॅड चिरलेले असेल तर आत्ताच बदला, पुन्हा हे सगळे कोण उघडणार?

गुंडाळलेल्या स्प्रिंगेऐवजी लोखंडी पाट्यांचा थर असलेल्या गाडीत स्प्रिंगचा धोका कमी आणि बोल्टचा जास्त. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आवळताना ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसल्याची खात्री करून चारही नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळायचे. उंचीसाठी पाट्याखाली एकावर एक ठोकळे रचू नयेत, आणि पुढच्या एक्सलला तर एकही नको. ब्रेक लागताच ठोकळ्यावर पडणारा पिळाचा जोर त्याला जागेवरून हलवू पाहतो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि शॉकअपभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग असेल, तर मात्र घरच्या हौसेला आवर घालावा. ती स्प्रिंग गाडीबाहेर काढल्यावरही दाबलेलीच असते. स्प्रिंग दाबण्याच्या कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय वरचा मधला नट सोडला, तर ती तोफेसारखी सुटते. स्वस्त, दोन हुकांचा कॉम्प्रेसर वेड्यावाकड्या दाबाने घसरतो. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगची ही जोडी) सोडवून बाहेर काढावा आणि स्प्रिंग बदलण्यापुरता यंत्र असलेल्या गॅरेजला द्यावा. यात कमीपणा नाही.

गाडी उभी राहिली तरी काम संपलेले नसते. पॅनहार्ड रॉड एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्याला एक्सलला असल्याने बॉडी वर गेली की एक्सल बाजूला ओढला जातो. ९०० मिमीचा रॉड, टोकांच्या उंचीत आधी ८० मिमीचा फरक, आता १३०: एक्सल सुमारे ६ मिमी सरकतो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले की हे लगेच दिसते. उपाय म्हणजे लांबी बदलता येणारा रॉड. पुढच्या एक्सलचे आर्म मागे चेसिसला जात असतील, तर ९०० मिमीच्या आर्मवर ५० मिमी उंची म्हणजे एक्सल सुमारे ३ अंश पुढे फिरला, आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) तितकाच घटला. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात गाडी पोहल्यासारखी वाटते. हे चाकांच्या बॅलन्सिंगने जात नाही. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश लागतात.

मागच्या एक्सलकडे एक नजर टाका. चेसिसवरच्या छोट्या झडपेपासून एक्सलपर्यंत एखादी दांडी जाते का? ती ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. बॉडी उंच झाली की झडपेला वाटते गाडी रिकामी आहे, आणि ती मागचा दाब कमी करते. गाडी लादलेली असताना थांबायचे अंतर वाढते आणि चालकाला कारण कळत नाही. दांडीचे ब्रॅकेट वाढलेल्या उंचीइतके सरकवले की झाले, पण दांडी मुळात दिसली पाहिजे.

ठरावीक वेगाला जमिनीतून थरथर आली, तर प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन मोजावेत. दोन्ही टोकांना साध्या क्रॉसचा शाफ्ट असेल तर ते कोन सारखे हवेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि त्याच दिवशी हेडलाइट खाली करणे, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. सुमारे ५०० किमीनंतर सगळे बोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत आणि चिकटपट्टीवरचे ते चार आकडे पुन्हा ताडून पाहावेत. नव्या स्प्रिंगा तोवर थोड्या बसलेल्या असतात.

वरच्या दोन चुकांची दुरुस्ती आपण पुढच्या पुरवणीत छापाल, तर बरे होईल. निदान बोल्ट आवळण्याबद्दलची तरी.

आपला,
एक वाचक