सूचना : दिल्लीतील मेट्रोने स्थलदर्शन

मंडळाच्या दिल्ली सहलीस नाशिकरोडहून निघणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोमवारी लाल किल्ला बंद असल्यामुळे स्थलदर्शनाचा दिवस मंगळवार ठरविला असून, दिवसभराचा प्रवास मेट्रोनेच होईल.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी कुतुबमिनार पाहावयाचा आहे. सुमारे ७३ मीटर उंचीच्या मिनाराकडे सर्वांचेच लक्ष जाते. परंतु त्याच आवारात सुमारे सोळाशे वर्षांचा, अद्याप न गंजलेला लोहस्तंभ आहे, तो व त्यावरील ब्राह्मी लिपीतील संस्कृत लेख कठड्याबाहेरून सावकाश पाहावा, अशी आग्रहाची विनंती आहे. तेथून पिवळ्या मार्गिकेने गाडी न बदलता चांदनी चौकास उतरून लाल किल्ल्यापर्यंत पायी जावयाचे आहे.

प्रत्येक स्थानकात सामानाची तपासणी होते, म्हणून पिशवी एकच व हलकी असावी. प्रवासाच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. त्यात पुरुष सभासदांनी चढू नये, आणि दांपत्यांनी कोणत्या स्थानकावर उतरावयाचे ते आधीच ठरवून घ्यावे. डब्यात खाण्यास मनाई असल्याने फराळ कुतुबमिनारला निघण्यापूर्वी निवासस्थानीच उरकावा. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यांनी जिन्यांचा हट्ट धरू नये.