महासाथीचा हिशेब अपुरा

करोनाच्या साथीवरचा ‘महासाथीचा ताळेबंद’ हा लेख वाचला. मृत्यू, रोजगार आणि शाळा यांचा हिशेब त्यात नेमका आहे. पण ‘लहान मुले त्यातून सुखरूप सुटली’ हे विधान घाईचे वाटते. साथीच्या काळात जी मुले गर्भात होती, त्यांचा विचार लेखात नाही.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी गर्भात असलेल्या अमेरिकनांची माहिती अर्थशास्त्रज्ञ डग्लस आल्मंड यांनी १९६० ते १९८०च्या जनगणनांतून तपासली. आधी व नंतर जन्मलेल्यांच्या तुलनेत त्यांचे शिक्षण व उत्पन्न कमी, तर अपंगत्वाचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे साथीनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी! पुढे त्यावर आक्षेपही आला. अनेक तरुण महायुद्धावर गेल्याने १९१९मध्ये जन्मलेल्यांच्या पालकांची सामाजिक स्थितीच वेगळी होती, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. आक्षेप वजनदार आहे. पण पालकांच्या पुरेशा नोंदी आधीपासून जोडलेल्या असत्या, तर हा वाद इतका लांबला नसता.

करोनाकाळात गर्भात असलेली मुले आता शाळेत आहेत. आईला संसर्ग केव्हा झाला, किती तीव्र होता आणि घरची स्थिती काय होती, हे आरोग्य विभागांनी आताच, नावे गुप्त ठेवून, नोंदवायला हवे. पालकांना घाबरवण्याचे मात्र काहीच कारण नाही. असे परिणाम समूहाच्या सरासरीत दिसतात, त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही.

— एक वाचक