सिमेंटच्या पोत्यावरचं पोर्टलंड

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपलं घर बांधत होते तेव्हा सिमेंटच्या पोत्यांवर 'पोर्टलंड' छापलेलं असायचं. मी विचारलं, तर तुम्ही म्हणाला होतात, "असेल कुठल्यातरी कंपनीचं नाव." बाबा, ते बेट आहे! शनिवारी जाऊन आले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला गोट्यांच्या एका लांबलचक पट्ट्यानं जेमतेम बांधलेलं. आणि गंमत म्हणजे ते सिमेंट काही तिथलं नव्हे. जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्यानं १८२४ साली पेटंट घेतलं. घट्ट झालेलं त्याचं सिमेंट पोर्टलंडच्या दगडासारखं दिसायचं, म्हणून हे नाव.

तिथल्या चुनखडीच्या जुन्या खाणी पायी फिरवून दाखवतात. दाखवणारे आजोबा जन्मभर खाणीत राबलेले. सगळ्यात वरचा थर 'रोच', नुसता भोकाभोकांचा. शिंपले-शंख विरघळून गेले आणि त्यांचे साचे तेवढे उरले. एका भोकात करंगळी घातली, तर आत स्क्रूसारखे आटे लागले! चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या शंखाचे. आपला काळा दगड लाव्हाचा, त्यात हे कुठून मिळायचं? खालचा 'व्हिटबेड' मात्र एकजीव. भिंगातून पाहिला तर खसखशीएवढे गोल दाणे दिसतात. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर ख्रिस्तोफर रेन या वास्तुकारानं सेंट पॉल्स कॅथीड्रल याच बेटाच्या दगडात बांधलं. चिरे समुद्रमार्गे जात.

दगड फोडायची रीत तुम्हाला आवडली असती. एका ओळीत भोकं पाडायची, प्रत्येकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधे पाचर. मग एकेका पाचरीवर पाळीपाळीनं घाव. घाई नाही. आजोबा प्रत्येक घावाचा आवाज ऐकत होते. आवाज बदलला तसे थांबले, आम्हालाही गप्प केलं, आणि टिचकी वाजल्यासारखा आवाज होऊन चीर सरळ रेषेत गेली.

परतताना गवतात काहीतरी पळालं आणि मी ओरडले, "ससा!" आजोबांचा चेहराच उतरला. बेटावर हा शब्द उच्चारत नाहीत. ससे बिळं करून दगड खिळखिळे करतात, आणि कडा कोसळायच्या आधी ते बाहेर पळतात असं खाणवाले मानत. ससा दिसला की काम टाकून घरी जात. नाव घ्यायचीच वेळ आली तर म्हणायचं 'जमिनीखालचं मटण'. मी माफी मागितली आणि आपली आजी रात्री सापाला 'लांबडं' म्हणते ते सांगितलं. मग कुठे हसले. पुढे मला लांबडं दिसायला कसं असतं, चावलं तर काय करता, हेच विचारत राहिले. खाणी राहिल्या बाजूला.

आईला सांगा, चपला घालून गेले नव्हते. बूट होते, तरी एकदा घसरलेच.

तुमची,
सुमी