थंडीत स्क्रू पिळण्याआधी प्लग बघा

संपादकसाहेब, थंडी पडली की जुन्या पद्मिनी, कार्बोरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मारुती ८०० सकाळी सिग्नलला बंद पडतात, कारण पीयूसीत पास व्हावी म्हणून काही मेकॅनिक मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू आत पिळून गाडी लीन (पेट्रोल कमी) करतात, हे चुकीचंच आहे. थंड हवा दाट, ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त लागतं (वजनाने हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण १४.७ ला १), उलट महाबळेश्वरला हवा विरळ म्हणून तीच गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते. आणि हा स्क्रू फक्त आयडलिंगचा (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचा), चढावर काम मेन जेटचं (जोर लागताना पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य छिद्राचं)! आधी एअर फिल्टर साफ करा, मग स्पार्क प्लग बघा, तपकिरी असेल तर हात लावू नका, काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. आयटीआयमध्ये हे अजूनही नीट शिकवायला हवं.

– एक वाचक, सातारा